रुमालाखालचा कौल

माळावरल्या दगडामंदी पानी कुणी ठेवलं रं,
डोळं न्हाई त्या मुळीला वाट कुणी दावली रं?

हा सवाल मी बांधला होता आणि बनूनं तो म्हटला होता. आमच्याच गावच्या जत्रेत, त्र्याण्णव साली, उन्हं कलताना. शेवटच्या 'रं'वर येऊन ती आवाज असा सोडायची, की खोल विहिरीत घागर सोडताना दोर तळहातावरून सरसरत जावा.

बनू माझी बायको. आमचा भेदिक गाण्यांचा फड होता. एका फडानं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं गाण्यातूनच जवाब द्यायचा, असा तो खेळ. सवाल मी बांधायचो, गायची बनू, आणि माईकचं मशीनही मीच सांभाळायचो. सतरा वर्षं फौजेत सिग्नलला काढलेला माणूस मी, तारांशीच माझी सोयरीक. पण पुढच्या साली औंधच्या यात्रेत आमचा फड हरला. "बाईचा आवाज बसला" असं लोक म्हणाले. बनूनं त्या दिवसापासून गाणं टाकलं. पोरांना निजवतानासुद्धा ती नुसती थोपटायची.

तीस वर्षं झाली. आणि गेल्या भाद्रपदात, एका सकाळी, तोच दोर माझ्या तळहातावरून सरसरत गेला.

तासगावातल्या माझ्या रेडिओ-स्पीकर दुरुस्तीच्या दुकानाकडे निघालो होतो. गावाबाहेर आमच्या गावच्या शिवतेजचं, द्राक्षं सुकवायचं बेदाण्याचं शेड लागतं. हंगाम संपला की ते रिकामं असतं. त्या दिवशी मात्र बाहेर दहा ट्रॅक्टर, चपलांचा ढीग, आणि आतून बनूचा आवाज. मी गाडी उभी केली आणि हिरव्या जाळीतून आत डोकावलो.

शे-दीडशे माणूस मांडी घालून बसलेलं. वर जाळ्यांच्या रिकाम्या फळ्या, खाली सतरंजी, आणि समोर झेंडूच्या माळा घातलेली आवाज मोठा करायची दोन मशीनं. त्यांच्यामध्ये ऋषिराज. हा माणूस पंधरा दिवसांपूर्वी उगवला होता. वय पस्तीस, दाढी कोरलेली, अंगात पांढरा झब्बा. शेडाला त्यानं नाव दिलं होतं नादमठ.

"मंडळी, नवी चिप म्हणजे काय?" तो सांगत होता. "फार्मची कोंबडी! दिसायला गुबगुबीत, चवीला कापूस. आणि ही," त्यानं उजव्या मशीनला कपाळ टेकवलं, "ही एकोणऐंशी सालची. जपानात घडली तेव्हा कारागिरांनी आठ दिवस मौन धरलं होतं. पंचेचाळीस वर्षं गाणी पिऊन ही मुरलीय. हिच्या पोटात आवाज गेला की तो मोठा होऊन बाहेर येत नाही, मंडळी. तो जिवंत होऊन येतो!"

चिप म्हणजे काय ते मला विचारा. बोटाच्या पेराएवढा काळा तुकडा, त्याला किड्यासारखे पाय. आवाजाची बारीक लहर एका पायातून आत जाते, मोठी होऊन दुसऱ्या पायातून बाहेर पडते. ती चिप मौन धरून घडवली काय आणि भांडत भांडत घडवली काय, तिला काही कळत नाही.

पण हे ऐकणार कोण? पुढं बसलेली साळूबाई डोळ्याला पदर लावून सांगत होती, "काल माजं मालक बोललं गं! आठ वर्सांपूर्वी गेल्यालं मानूस. डाव्या मशीनवर लांबनं बोलल्यावानी वाटलं. उजवीवर लावलं अन् पार शेजारी येऊन बसलं. खोकल्यासकट!"

कॅसेट आधी डाव्या मशीनवर लागायची, ती नवी चिप. मग खटका उजवीकडे पडायचा, जुन्या चिपेवर. आता तिथं माझ्या बनूची कॅसेट होती. त्र्याण्णव साली मीच भरलेली, बिस्किटांच्या डब्यात तीस वर्षं पडलेली. मला न विचारता बनू ती घेऊन आली होती. खटका उजवीकडे पडला, आवाज एकदम भरून आला, अंगावर आला, आणि शेड हेलावलं.

फरक होता. खोटं कशाला सांगू, मलाही ऐकू आला.

बनू रडत होती. लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. मी लिहिलेला सवाल, मी भरलेली कॅसेट, माझी बायको, आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी काढलं ते झब्बेवाल्या पोरानं. माझ्या छातीत काहीतरी तापलेल्या खिळ्यासारखं रुतलं.

"माई," ऋषिराज हळूच म्हणाला, "औंधला तुमचा आवाज बसला म्हणता. त्या दिवशी मशीन कोणतं होतं?"

"ह्यांनीच आनलं हुतं. सांगलीवरनं. नवं कोरं."

"नवं!" त्यानं डोळे मिटले. "मग आवाज बसला नव्हता, माई. त्या नव्या चिपेनं तो खाल्ला."

शेडात हळहळ पसरली. कुणीतरी मला पाहिलं. "हंबीरराव आलं बगा! आवं, ऐकलंसा का? तुमच्या मशीननं खाल्ला वैनींचा गळा!"

"असली थेरं मी लय बघितल्यात," मी म्हणालो. आवाज वाजवीपेक्षा जास्त चढला.

"जळतंय म्हातारं," मागून कुणीतरी कुजबुजलं. "दुकान बसलं न्हवं त्याचं."

खोटं नव्हतं. जळत होतो. फक्त दुकानासाठी नाही, एवढंच त्यांना ठाऊक नव्हतं.

घरी आलो तर बनू भाकरी थापत होती आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत होती. मी उंबऱ्यातच थबकलो. तीस वर्षांत पहिल्यांदा.

"आवं, या की," ती म्हणाली. चेहरा असा हलका, जणू डोक्यावरचं ओझं कुणी उतरून घेतलंय. "मी उगंच गळ्याला दोष देत बसले. किती जेष्ठमध खाल्लं, किती गुळण्या केल्या. अन् तुमच्यावरबी मनात कुठंतरी राग हुता हं माजा."

"माझ्यावर? कशापायी?"

"मशीनवर तुमी हुता न्हवं! काय झालं आसंल, ह्यास्नी कळलं कसं न्हाई, आसं वाटायचं. आता कळलं. तुमचा काय दोष? चिपेनं केलं. सोडा."

तिनं भाकरी उलटली. मी हात धुवायला गेलो आणि तिथंच उभा राहिलो. तिनं मला सोडून दिलं होतं. एका बोटभर तुकड्यानं माझ्या अंगावरचा डाग पुसून टाकला होता. मी गप्प बसलो असतो तर तो जन्मभरासाठी पुसला गेला असता.

"आयतवारी सुरार्पण हाय," ती आतून सांगत होती. "कॅसेट त्यांच्या पेटीत द्यायची. आवाज एकदा जागा झाला की त्यो त्या चिपेजवळच ऱ्हातो म्हनं, घरी आनला की पुन्ना मरतो. अन् दसऱ्याला मी गाणार हाय. त्यांच्याच मशीनवर."

"कॅसेट द्यायची? बने, एकच हाय ती!"

"एकच हाय म्हनून तर."

"अन् दुसऱ्या मशीनवर गायला काय हुतंय?"

तिनं माझ्याकडं अशी नजर टाकली, की विषय तिथंच संपला. "पुन्ना हारायला? न्हाई बाई."

म्हणजे असं होतं. बनूची कॅसेट जायची, आणि तिचा गळा त्या माणसाच्या खटक्याला बांधला जायचा. मी बोललो तर दोन्ही वाचत होतं. पण मग ती विचारणार, चिपेनं नाही तर कुणी?

ज्ञानदा मॅडम आमच्या हायस्कूलला विज्ञान शिकवतात. मूळच्या वाईच्या. शाळेचा स्पीकर दुरुस्तीला टाकून गेल्या होत्या, तो न्यायला दुकानात आल्या.

"तो माणूस लबाड आहे मॅडम," मी तोंड उघडलंच.

"काका, तुम्हाला तसं माहीत आहे, की तुम्ही जळताय?"

"दोन्ही."

त्या हसल्या. "मग बरं झालं. जळणाऱ्या माणसाचं म्हणणं खोटंच असतं असं नाही. फक्त ते मोजून घ्यावं लागतं. मला सांगा, लोकांना फरक ऐकू येतो?"

"येतो. मलापण आला."

"कशानं येत असेल?"

मी स्पीकरचा स्क्रू आवळत राहिलो. "आवाजाच्या बटणानं. दोन्ही मशीनची बटणं बाहेरून पाचावर दिसतात. पण उजवीचा आवाज आतून थोडा वाढवलेला आहे. लई नाही. तांदळाच्या दाण्याएवढं बटण फिरवल्यावर वाढतो, तेवढाच."

"एवढ्यानं आवाज मोठा झाल्याचं कळणार नाही कुणाला."

"तीच तर गंमत हाय. मोठा झाला म्हणून कळतच नाही. भरीव वाटतो, जवळ वाटतो, जिवंत वाटतो. आणि त्याच्या शेजारी दुसरा ऐकला की तो मेलेला वाटतो. गाणारा तोच, गळा तोच. माणूस म्हणतो, गळ्यात दम नाही."

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. "तांदळाच्या दाण्याएवढं. इतकं नेमकं कसं माहीत, काका?"

"धंदा हाय माझा," मी म्हणालो.

रविवारी सकाळी शेड उसाच्या ट्रॉलीसारखं भरलं होतं. लोखंडी पेटी उघडी, आत चाळीसेक कॅसेटी हळदकुंकू लावून ठेवलेल्या. म्हणजे चाळीस घरांना आपली मेलेली माणसं ऐकायची तर ह्या शेडाच्या दारात यायचं. शिवाय 'मुरलेली चिप' घरच्या मशीनमध्ये बसवून हवी असेल तर पैसे देऊन नाव नोंदवायचं. बनू रांगेत तिसरी होती. कॅसेट पदराखाली.

मॅडम पुढं गेल्या. "ऋषिराजजी, आम्हाला डोळे झाकून ऐकायचंय. दोन्ही मशीनं पडद्याआड ठेवायची. खटका कोणत्या बाजूला टाकायचा ते मी नाणं उडवून ठरवीन. कोणता आवाज जुन्या चिपेचा, ते लोक सांगतील."

"अवश्य!" ऋषिराज दिलदार झाला. त्याला वाटलं, फरक तर आंधळ्यालाही ऐकू येतो. त्याचं चुकत नव्हतं. "सत्याला पडद्याची भीती नसते, मंडळी!"

"वीस जण पुढे या. पण हात वर करायचे नाहीत. एकानं केला की शेजारी करतो."

इथं गंगाधरशेठ उठले. वय ऐंशी. उभी हयात सांगलीच्या हळदीच्या बाजारात दलालीत गेलेली. "बाई, त्याला आमच्याकडं जुना विलाज हाय," ते म्हणाले आणि खांद्यावरचा रुमाल झटकला.

जुन्या माणसांना लगेच कळलं. पूर्वी हळदीचा भाव तोंडानं बोलत नसत. दलालानं हातावर रुमाल टाकायचा, खरेदीदारानं त्याखाली हात घालून दलालाची बोटं दाबायची. भोवती शंभर माणसं उभी असली तरी कुणी काय बोली लावली ते दोघांपलीकडे कळायचं नाही.

"पयला आवाज जुन्या चिपेचा वाटला तर एक बोट दाबा. दुसरा वाटला तर दोन. शेजाऱ्याकडं बगून काय फायदा न्हाई," शेठ म्हणाले. त्यांच्यापुढं दोन वाट्या झाकून ठेवल्या. एका बोटाचा बेदाणा एका वाटीत, दोन बोटांचा दुसऱ्या वाटीत.

मॅडम पडद्याआड. बनूचीच कॅसेट लागली, मागून घेतली म्हणून तिनं दिली. एकदा वाजली, खटका पडला, पुन्हा वाजली. वीस जणांनी एकेक करून रुमालाखाली हात घातला. वाट्या उघडल्या. विसातले सतरा बरोबर.

शेड दणाणलं. "बगा हंबीरराव! आता काय म्हन्ता?"

ऋषिराजनं हात जोडले, माझ्याकडे बघून मान हलवली. म्हाताऱ्यावर दया केल्यासारखी.

"आता दुसरी फेरी," मॅडम म्हणाल्या. "काका, मीटर आणा."

मी दोन्ही मशीनच्या स्पीकरच्या तारांना मीटर लावला. मॅडमनी त्यांच्या मोबाईलमधून एक सरळ शिट्टी सोडली. न चढणारी, न उतरणारी. डाव्या मशीनवर मीटरचा काटा दोनावर थांबला. उजव्यावर अडीचावर.

"हे सगळ्यांनी येऊन बघा," मॅडमनी सांगितलं. "दोन्ही बटणं पाचावर आहेत ना? मग काटा वेगळा का?"

"जुनी चिप ताकदीची असते," ऋषिराज म्हणाला.

"असू दे की. आपण फक्त आवाज सारखा करू. पैलवान एकाच वजनाचे लावतो ना कुस्तीला, तसं. चिप तीच, कॅसेट तीच, चिपेचा प्राण तर बटणात नाही ना?"

त्यानं बटणाकडे पाहिलं. "नाही, पण..."

"मग झालं."

मी उजवीचं बटण मागं घेतलं. किती? तांदळाच्या दाण्याएवढं. बोटांना ते अंतर पाठ होतं. काटा दोनावर आला. मान वर केली तर बनू माझ्या चेहऱ्याकडे नाही, माझ्या बोटांकडे बघत होती.

पुन्हा नाणं, पुन्हा कॅसेट, पुन्हा रुमाल. ह्या वेळी लोक रुमालाखाली हात घालून थबकत होते. साळूबाईनं तर हात घातला, काढला, पुन्हा घातला. "आरं देवा, दोनी सारकीच की रं!"

वाट्या उघडल्या. अकरा बरोबर, नऊ चूक.

"नुसतं नाणं उडवून उत्तरं दिली असती तरी इतकीच जमली असती," मॅडम म्हणाल्या.

ऋषिराज उठून उभा राहिला. "मंडळी, ह्या वस्तू नाजूक असतात. शंका घेतली की चिप रुसते!"

"मघाशी का रुसली न्हाई मग?" साळूबाईनं विचारलं. "तवाबी मॅडम हितंच हुत्या. का तवा तिला दिसल्या न्हाईत?"

पहिलं हसू तिथं फुटलं.

तिसऱ्या फेरीला मॅडमनी काय केलं ते कुणाला सांगितलं नाही. कौल झाल्यावर सांगितलं. ह्या वेळी नव्या चिपेचं मशीन दोनावरून अडीचावर नेलं होतं. विसातल्या अठरा जणांनी नव्या चिपेलाच जुनी म्हटलं होतं. तिच्यातच त्यांना प्राण ऐकू आला होता, मौन ऐकू आलं होतं, पंचेचाळीस वर्षं मुरलेली गोडी ऐकू आली होती.

"आता झाकण उघडा, काका."

मी स्क्रू काढून झाकण उचललं. उजव्या मशीनच्या पोटात, जिथं बाहेरच्या बटणाची तार येते, तिथं आवाज कमी-जास्त करायचा एक बारीक पितळी स्क्रू होता. तो पुढं पिळून ठेवलेला. बाहेर पाच, आत त्याहून थोडं जास्त. आणि शेजारी ती चिप. काळीभोर, वर पांढऱ्या अक्षरांत एकोणऐंशी साल.

"नखाचा रंग काढायचं औषध आहे का कुणाकडे?" मॅडमनी विचारलं.

शिवतेजच्या घरून बाटली आली. मी कापसावर दोन थेंब घेतले आणि चिपेवरून फिरवले. कापूस काळा झाला. एकोणऐंशी साल कापसाबरोबर निघून आलं. काळ्या लेपाखाली कारखान्यानं कोरलेलं खरं साल होतं. मी ते मोठ्यानं वाचलं. दोन हजार एकवीस.

डावं मशीन उघडलं. आत तीच चिप, तेच साल. लेपाशिवाय.

"जुळ्या भैनी की रं!" गंगाधरशेठ म्हणाले. "एकीला पावडर लावून सासरी धाडली व्हय?"

"मला पुरवठादारानं फसवलं," ऋषिराज म्हणाला.

"अन् आतला स्क्रू? त्यो बी पुरवठादारानं पिळला काय रं गड्या?" शिवतेजनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पोलीस पाटील येत्यात. तवर हितंच बसा. मौन धरून."

पेटी रिकामी झाली. ज्यानं त्यानं आपापली कॅसेट उचलली. साळूबाई मात्र तिची कॅसेट हातात धरून उभी राहिली. "हंबीरभाऊ, म्हंजे मालक आलंच न्हवतं?"

"आले होते, साळूबाई. ह्या कॅसेटमध्ये आहेत. खोकल्यासकट. घरच्या टेपवर लाव, आवाज थोडा वाढव, शेजारी येऊन बसतील. त्यासाठी ह्याच्या दारात यायला नको."

ती हसली की रडली, कळलं नाही. पण कॅसेट तिनं घट्ट धरली.

मॅडम लोकांशी बोलत होत्या. जुनी वस्तू वाईट नसते, नवी पवित्र नसते. नीट बांधलेलं मशीन जुनं असो की नवं, सारख्या आवाजाला सारखंच ऐकू येतं. आपले कान खोटं बोलत नाहीत. त्यांना जे दिलं तेच ते सांगतात. म्हणून कुणी चमत्कार दाखवला की कानांवर रागवू नका, भुलूही नका. आधी दोन्ही बाजूंना सारखं माप द्या. मग नाव झाका, वस्तू झाका, शेजाऱ्याचा हात झाका, आणि तेव्हा जे उरेल ते खरं धरा. एवढं करायला मोठं शिक्षण लागत नाही. एक मीटर आणि एक रुमाल पुरतो.

मी ऐकत होतो, पण माझं लक्ष बनूकडे होतं. ती मशीनजवळ आली होती. तिनं उजवीच्या बटणावर बोट ठेवलं. मागं घेतलं. पुढं नेलं. मागं घेतलं.

"म्हंजे चिपा आवाज खात न्हाईत," ती म्हणाली.

"नाही."

"अन् बटन जरासं मागं घेतलं की गळ्यात दम न्हाई आसं वाटतं."

"होय."

"गाणाऱ्याला बी वाटतं?"

"त्याला जास्त वाटतं. लोक हलेनात की तो गळा ताणतो. ताणला की फाटतो."

तिनं बटण सोडलं. "औंधला मी लय ताणला हुता."

मी मीटरच्या तारा गुंडाळू लागलो. मॅडम थांबल्या. गंगाधरशेठांनी रुमालाची घडी घालता घालता हात आवरला.

सांगतो. तुम्हाला आधी सांगतो, तिला नंतर. त्र्याण्णवच्या जत्रेत, ह्या कॅसेटमधल्या गाण्यानंतर, लोकांनी बनूला खांद्यावर घ्यायचं बाकी ठेवलं होतं. नारळ तिला, फेटा तिला. मी मशीनची तार गुंडाळत होतो. एकानं मला विचारलं, "मशीनवाले, हे गाणं रचलं कुणी?" मी तोंड उघडायच्या आत दुसरा म्हणाला, "बाईच रचत आसंल की. मशीनवाल्याला काय म्हाईत?" बनूनं ते ऐकलं नव्हतं. ती लांब होती, हसत होती. वर्षभर मी ते हसू पाहिलं. मुळीला डोळे नसतात, वाट सापडते, असं मी लिहिलं होतं. हेव्यालाही डोळे नसतात. माझ्या हेव्याला बटणाची वाट सापडली.

"आवं," बनू म्हणाली. "तवा मशीनवर तुमी हुता."

"बने, घरी जाऊन..."

"घरी न्हाई." तिचा आवाज बारीक होता, पण दोर ताणल्यासारखा. "माजं हरनं समद्या औंधानं ऐकलं. तिथं हितल्या निम्म्या लोकांच्या आईबापांनी ऐकलं. तुमी काय बोलायचं ते माईकवर बोला."

तिनं ऋषिराजचा माईक उचलला आणि माझ्या हातात दिला. मशीन चालूच होतं. मी तोंडाशी धरला. सत्तरीला आलेल्या माणसाचा आधी नुसता श्वास बाहेर पडला. जाळ्यांच्या फळ्यांमधून ऊन पट्ट्यापट्ट्यांनी खाली पडलं होतं. शब्द फुटला तो इतका बारीक, की पहिल्या रांगेलाही कळला नसता.

तेव्हा बनू वाकली. बटणावर बोट ठेवलं, आणि ते पुढं सरकवलं. तांदळाच्या दाण्याएवढं नाही. पार शेवटापर्यंत.

"बोला," ती म्हणाली.

"तुझा आवाज कधीच बसला नव्हता, बने," मी म्हणालो, आणि माझा आवाज शेडाबाहेर, द्राक्षांच्या बागांवरून रस्त्यापर्यंत गेला. "टाळ्या तुला मिळायच्या म्हणून मी जळत होतो. औंधला बटण मी मागं घेतलं होतं."